सल्ल्याचे पैसे कोण देतं?

आर्थिक सल्लागार ही मुंबई-पुण्यातल्या बड्या पगारदारांची चैन, असा समज आपल्याकडे पक्का आहे. पेण तालुक्यातल्या जिते-हमरापूर-जोहे पट्ट्यात वस्तुस्थिती नेमकी उलट दिसते. इथल्या गणपतीच्या कारखान्यांत माती, प्लास्टर, रंग आणि कारागिरांची मजुरी यांवर महिनोन्‌महिने खर्च होत राहतो, त्यासाठी कर्जही काढलं जातं. पैसा मात्र मुख्यतः गणेशोत्सवाच्या तोंडावर हातात येतो. पगारदाराचा भविष्य निर्वाह निधी निदान परस्पर कापला तरी जातो. कारखानदाराच्या म्हातारपणाची तरतूद आपोआप कुणीच करत नाही. त्यात नियमांची टांगती तलवार. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी सांगितली आणि जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला वाट मोकळी करेपर्यंत पुढच्या हंगामाचा भरवसा उरला नव्हता. ज्याची मिळकत एका हंगामावर अवलंबून आहे, त्याला नियोजनाची गरज पगारदारापेक्षा जास्तच आहे.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘पैसे बँकेत ठेवले की झालं, सल्ला कशाला?’ पेणमध्ये तरी हे उत्तर टिकू नये. सप्टेंबर २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, बोगस कर्जखात्यांचा शेकडो कोटींचा घोटाळा उघड झाला आणि लाखाहून अधिक ठेवीदार अडकले. तेव्हा ठेव विम्याचं संरक्षण फक्त १ लाखाचं होतं. फेब्रुवारी २०२० पासून ते ५ लाख झालं, पण ही मर्यादा एका बँकेतल्या एका ठेवीदाराची, मुद्दल आणि व्याज धरून, सगळ्या शाखा मिळून आहे. म्हणजे ८ लाखांची ठेव एकाच बँकेत असेल तर ३ लाख विम्याबाहेर. पतसंस्थेतल्या ठेवींना तर हा विमा मुळीच लागू नाही, आणि जादा व्याजाच्या आशेने लोक नेमके तिथेच वळतात. चांगला सल्लागार भरघोस परतावा मिळवून देतो, हाही गैरसमजच. त्याचं पहिलं काम पैसा नीट विभागून ठेवणं, कर्जाचा हप्ता आणि विमा यांचा मेळ बसवणं हे आहे.

सगळ्यांत महागात पडणारा समज मात्र ‘ओळखीचा माणूस फुकट सांगतो’ हा. विमा एजंट किंवा म्युच्युअल फंडाचा वितरक कमिशनवर काम करतो. त्यात गैर काही नाही. पण ते कमिशन शेवटी तुमच्याच पैशांतून जातं. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला कमिशनविरहित ‘डायरेक्ट’ योजना देणं बंधनकारक आहे. दोन्ही योजनांच्या खर्चात समजा एक टक्क्याचा फरक असेल, तर ५ लाखांवर वर्षाला सुमारे ५ हजार जातात, दर वर्षी, आणि पावती मिळत नाही. सेबीच्या २०१३ च्या नियमांनुसार नोंदणी झालेला गुंतवणूक सल्लागार उघड फी घेतो आणि ज्याला सल्ला दिला त्याच्या गुंतवणुकीवर कमिशन घेऊ शकत नाही. सल्ला कुणाच्या हिताचा, हे त्याचे पैसे कोण देतं त्यावर ठरतं. बाकीच्या गोष्टी त्यानंतर.

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही रास्त आहेत. एक, फी परवडेल का? एका कुटुंबासाठी ठरावीक फीची कमाल मर्यादा वर्षाला १ लाख ५१ हजार आहे. ती कमाल आहे, दर नव्हे. एकदाच फी देऊन आराखडा करून घेता येतो. ज्यांची बचत अगदी थोडी आहे, त्यांनी आधी कर्ज फेडावं, साधा मुदत विमा घ्यावा आणि काही महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवावा; एवढ्यासाठी कुणालाच फी द्यायला नको. दुसरा आक्षेप, असे नोंदणीकृत सल्लागार गावात मिळतात कुठे? देशातच त्यांची संख्या फार कमी आहे, ही उणीव खरी आहे. पण सल्ला फोनवरही घेता येतो, आणि नोंदणी असली म्हणजे माणूस चुकणार नाही असं नसलं तरी तक्रार करायला जागा राहते. तेव्हा पुढचा हंगाम संपून पैसा हातात येण्याआधी सेबीच्या संकेतस्थळावर सल्लागाराचा ‘आयएनए’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक तपासा, फी रोखीत देऊ नका, आणि गुंतवणुकीची रक्कम स्वतःच्या खात्यात मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.