नातीचे करपलेले केस

फाल्गुनातली गोष्ट. त्या दिवसांत आमच्या कळवणला दुपारचे ऊन चांगलेच तापू लागते. त्यामुळे अकरावीत शिकणारी माझी नात डोक्याला स्कार्फ गुंडाळून बाहेर पडते, यात मला काही वावगे वाटले नाही. परंतु घरात आल्यावरही तो स्कार्फ उतरेना. अखेर एका रविवारी न्हाणीघराच्या जाळीत अडकलेला तुटक्या केसांचा पुंजका सूनबाईंच्या हाती आला आणि उलगडा झाला.

दिवाळीत तिने साठवलेल्या पैशांतून स्ट्रेटनर मागवला होता. सकाळी सातचा क्लास. न्हाऊन केस वाळवायला सवड नाही. ओल्याच केसांवरून ती ते तापलेले यंत्र फिरवी. चर्र आवाज होई, वाफ निघे, किंचित करपट वास येई आणि मैत्रिणींसारखे सरळ केस मिरवीत ती घराबाहेर पडे. चार महिन्यांत कमरेपर्यंतचे केस झाडूच्या काड्यांसारखे झाले.

सूनबाई रागावल्या. मी त्याहून वाईट केले. हसून म्हणालो, “बेटा, केसच आहेत, उद्या पुन्हा येतील.” ती उठून आत गेली. सूर्यास्त झाला, चौविहाराची वेळ टळली, आणि मुलगी उपाशीच झोपली. वैशाखात मामेबहिणीचे लग्न होते, हे मी विसरलो होतो. सोळाव्या वर्षी आरशात पाहणे ही क्षुल्लक बाब नसते, एवढेही साठी उलटलेल्या माणसाला मुद्दाम आठवावे लागते.

पुढच्या आठवड्यात ती, सूनबाई आणि मी असे तिघे नाशिकला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तुटलेले केस काळ्या कागदावर ठेवून आम्हांलाच पाहायला लावले. मुळासकट गळालेल्या केसाच्या टोकाला बारीकशी पांढरी गाठ असते. असे पन्नास-शंभर केस रोज गळणे स्वाभाविक मानतात. येथे तशी गाठ बहुतेक केसांना नव्हती. केस मध्येच तुटत होते, आणि तुटण्याच्या जागी मोहरीहून बारीक पांढरे ठिपके दिसत होते. याचा अर्थ मुळे शाबूत होती. सूनबाईंचा जीव तिथेच अर्धा भांड्यात पडला.

मग डॉक्टरांनी जे समजावले ते मला इतके पटले की, घरी येऊन मी आणखी वाचन केले. केसाचा त्वचेबाहेरचा भाग निर्जीव असतो. आत केराटिन नावाच्या प्रथिनाचे तंतू आणि वर कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले खवले, अशी त्याची रचना. या तंतूंमधले काही बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. उष्णता देऊन केस सरळ करतात तेव्हा हेच बंध नव्या आकारात बसवले जातात. म्हणूनच पाणी लागताच केस मूळच्या वळणावर जातात. इथपर्यंत मोठी हानी नाही. परंतु सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे मूळ प्रथिनच बिघडू लागते, आणि बाजारातली कित्येक यंत्रे २३० अंशांपर्यंत तापतात. केस ओले असतील तर आणखी कमी तापमानातच नुकसान होते, कारण केसाच्या आतले पाणी उकळून त्याची वाफ होते आणि केसात बुडबुडे तयार होतात. तो चर्र आवाज त्याचाच होता.

निर्जीव वस्तू स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. बँकेत आयुष्य काढल्यामुळे मला हे लगेच उमगले: काही कर्जे वसूल होत नाहीत, ती निर्लेखित करावी लागतात. जळलेला भाग कापायचा आणि नवा वाढू द्यायचा, याला पर्याय नाही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. नातीच्या केसांची टोके चार-पाच वर्षांपूर्वीची, म्हणजे ती सहावी-सातवीत असतानाची होती. हे ऐकून ती प्रथमच थोडी हसली.

उपाय सांगणाऱ्यांची मात्र वाण नव्हती. मोबाइलवर अंड्याचा लेप, मधाचा लेप, कांद्याचा रस. पहिले दोन आपल्या घरांत विचारातही येत नाहीत. कांद्याची गंमत अशी की, कळवणच्या बाजारात कांद्याचे ढीग लागतात आणि आमच्या स्वयंपाकघरात तो शिरत नाही. नातीने संकोचत विचारले, “दादाजी, खायचा थोडाच आहे?” मी शोधून पाहिले. कांद्याच्या रसाचा जो अभ्यास सांगतात तो २००२ सालचा, चाई पडलेल्या रुग्णांवरचा, म्हणजे वेगळ्याच आजाराचा. करपलेल्या केसांशी त्याचा संबंध नाही. प्रश्न धर्मसंकटापर्यंत गेलाच नाही.

खोबरेल तेलाचे मात्र वेगळे. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या मुंबईतील संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केस धुताना होणारी प्रथिनांची झीज केवळ खोबरेल तेलाने कमी झाली, आणि ती खराब झालेल्या केसांतही. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीचे होते, हेही नोंदवले पाहिजे. परंतु खोबरेल केसाच्या आत शिरते, हे कारण मला सयुक्तिक वाटते. तेल तुटलेला केस सांधत नाही, पुढची झीज थोपवते, एवढाच त्याचा दावा.

खरी कसोटी पुढे आली. एका पार्लरमध्ये तिला ‘केराटिन ट्रीटमेंट’ सुचवली गेली: लग्नापूर्वी केस रेशमासारखे होतील, फॉर्मलिन अजिबात नाही. तिचा जीव त्यात अडकला. अशा द्रव्यांत फॉर्मलिनऐवजी बऱ्याचदा ग्लायऑक्सिलिक आम्ल असते, आणि वर पुन्हा तापलेले यंत्र फिरवतातच. इस्रायलमधील डॉक्टरांनी २०२३ साली अशा २६ स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांच्या मूत्रपिंडांना केस सरळ करण्याच्या प्रक्रियेनंतर अचानक इजा झाली होती. मी नकार दिला नाही. तो लेख तिच्यासमोर ठेवला, कठीण शब्दांचे अर्थ सांगितले आणि फिरायला निघून गेलो. परत आलो तेव्हा ती म्हणाली, “दादाजी, कापूनच टाकते.”

एकदम सर्व कापण्याचा आग्रह आम्ही धरला नाही. प्रथम खांद्याखालपर्यंत, नंतर दर दोन महिन्यांनी थोडे थोडे. आठवड्यातून दोनदा न्हाणे, आदल्या रात्री खोबरेल, शाम्पूनंतर कंडिशनर (त्यात केराटिन किंवा रेशमाचे प्रथिन असेल तर ते बहुधा प्राणिज असते, म्हणून बाटलीवर हिरवा ठिपका पाहून घेतो). टॉवेलने खसाखसा पुसणे बंद. जुन्या सुती ओढणीत केस टिपायचे. रुंद दातांचा कंगवा, आणि विंचरायची सुरुवात टोकांकडून. सकाळचे न्हाणे आदल्या संध्याकाळवर नेले, यानेच निम्मे काम झाले.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी विचारली होती, जी आपल्या घरांतील मातांनी ध्यानात ठेवावी. केस मुळासकट गळत असतील, तर मागील दोन-तीन महिन्यांतला मोठा ताप किंवा अठ्ठाईसारखी दीर्घ तपश्चर्या डॉक्टरांना जरूर सांगावी. रक्तातील लोहही तपासून घ्यावे. यात तपाचा अनादर नाही, निदान सोपे होते.

लग्नाला ती खांद्यापर्यंतचे केस मोकळे सोडून, एका बाजूला मोगऱ्याचा गजरा माळून गेली. कोणीतरी विचारलेच, “अगं, एवढे लांब केस कुठे गेले?” ती म्हणाली, “जाळले मी.” सूनबाई माझ्याकडे पाहू लागल्या.

स्ट्रेटनर तिने आपण होऊन माझ्या कपाटात आणून ठेवला आहे. किल्ली तिच्याकडेच असते. दर महिन्याच्या १ तारखेला ती मोजपट्टी घेऊन येते, आणि मी माझ्या बँकेच्या जुन्या डायरीत तारीख घालून आकडा लिहितो. सहा महिन्यांत सात सेंटिमीटर झाले आहेत.