राक्षसाचा तळहात

गेल्या मे महिन्यात माझा भाचा आपल्या तिघा मित्रांसह आमच्या मालवणच्या घरी चार दिवस राहावयास आला, तेव्हा पडवीत कागद, पेन्सिली आणि वीस पैलूंचे फासे मांडून ही मंडळी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत जो खेळ खेळत बसत, त्याविषयी प्रारंभी मला केवळ कुतूहल होते, परंतु तिसऱ्या दिवशी त्याने एक जाडजूड सचित्र ग्रंथ माझ्यापुढे उघडून धरला आणि विचारले, “मामा, आपल्या राक्षसाक हेंनी वाघाचा तोंड कित्याक दिल्यानी?” त्या प्रश्नाने मला त्या खेळात ओढले ते आजतागायत.

या खेळाचे नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी तो प्रसिद्ध केला. एकजण कथा चालवतो, म्हणजे आपल्याकडच्या सूत्रधाराचे काम करतो. इतर प्रत्येकी एकेका पात्राची भूमिका घेतात. आणि वार लागला की चुकला, फसवणूक उमगली की नाही, याचा निवाडा फासा करतो. खेळाडूंच्या वाटेत जे जे अमानुष प्राणी यायचे, त्यांची सगळी कैफियत ग्रंथात दफ्तरासारखी नोंदलेली असते: अंगी जीव किती, वार झेलण्याची शक्ती किती, नखांचा घाव किती खोल, कोणत्या मंत्राला तो दाद देतो आणि कोणत्याला देत नाही. आपला राक्षस या दफ्तरात 1975 च्या डिसेंबरात, ‘स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकातून दाखल झाला आणि 1977 च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये स्थिर झाला. तो वाल्मीकींकडून थेट तिकडे गेला नाही. ‘कोलचॅक: द नाइट स्टॉकर’ या अमेरिकन दूरदर्शन मालिकेच्या 1974 सालच्या एका भागात, बळीला ज्याच्यावर सर्वाधिक विश्वास त्याचेच रूप घेऊन जवळ येणारा आणि मंत्रून दिलेल्या बाणानेच मरणारा एक राक्षस होता, तोच खेळात उतरला. वाघाचे मस्तक, अंगात उंची झगा आणि हाती धूम्रपानाची नळी, ही मुद्रा त्याला डेव्हिड ट्रॅम्पियर या चित्रकाराने दिली, आणि पुढील पिढ्यांच्या मनात तीच ठसली.

भाच्याचे म्हणणे असे पडले की हा प्राणी दिसतो भयंकर, पण लढाईत कच्चा आहे. मी त्याच्याजवळ कागद मागितला आणि आम्ही दोघांनी मिळून जमाखर्च मांडला. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत या राक्षसाचे आव्हानमान, ज्याला ही मुले चॅलेंज रेटिंग म्हणतात, 13 आहे. म्हणजे तेराव्या पायरीवर पोहोचलेल्या चौघा वीरांना तो तुल्यबळ ठरावा. आता सूत्रधारासाठी जो मार्गदर्शक ग्रंथ आहे त्यातील कोष्टक सांगते की 13 च्या आव्हानास सुमारे 251 ते 265 जीवांक असावेत आणि दर फेरीस 81 ते 86 इतकी इजा करण्याची ताकद असावी. राक्षसाचे जीवांक 110. दोन पंजांनी मारले आणि दोन्ही लागले, तर सरासरी इजा 18. या दोन आकड्यांवरच निकाल द्यायचा म्हटला तर तो तिसऱ्या-दुसऱ्या मानाचा किरकोळ शत्रू ठरतो, आणि भर चिलखतातला तेराव्या पायरीचा योद्धा त्याच्या नखांपुढे दहाबारा फेऱ्या सहज तग धरील. भाचा आकड्यांत मुळीच चुकलेला नव्हता.

पण आकड्यांखालची कलमे वाचली की मामला पालटतो. सहाव्या श्रेणीपर्यंतचा कोणताही मंत्र, त्याची स्वतःची इच्छा नसेल तर, त्याच्यावर चालत नाही. म्हणजे मांत्रिकाच्या पोतडीतली बहुतेक सामग्री जागच्या जागी निकामी होते. समोरच्याच्या मनातले तो हवे तेव्हा वाचतो आणि हवे तेव्हा रूप पालटतो. त्याच्या नखाचा घाव खोल नसेना का, पण त्या घावासोबत जो शाप जडतो त्यामुळे जखमी माणसाला विश्रांतीचा गुणच येत नाही. झोप घेतली तरी भयाण स्वप्ने पडतात आणि जीव भरून निघत नाही. जखमेपेक्षा जागरण अधिक मारते, हे ज्याने घरात दीर्घ आजार पाहिला आहे त्याला वेगळे सांगावयास नको. आणि या सगळ्या बंदोबस्तात एक फट आहे: सज्जन माणसाच्या हातातले मंतरलेले टोकदार शस्त्र लागले, तर इजा दुप्पट.

ही फट मला फार महत्त्वाची वाटते. हिरण्यकशिपूला मिळालेला वर आठवा. माणसाकडून नाही, पशूकडून नाही, घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, जमिनीवर नाही, आकाशात नाही, शस्त्राने नाही. ही निष्णात कारकुनाने लिहिलेली सनद आहे, आणि नरसिंहाचा पराक्रम बळापेक्षा त्या सनदेच्या दोन कलमांमधली जागा शोधण्यात आहे: उंबरठा, तिन्हीसांजेची वेळ, मांडी आणि नखे. जो दैत्य केवळ अधिक वार झेलतो त्याच्याशी लढताना खेळाडू फासे मोजतात. ज्याच्या अभेद्यपणाला एकच सांध आहे त्याच्याशी लढताना ते विचार करतात.

आमच्या मुलखाला ही दृष्टी नवी नाही. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही जे लाखेच्या चकाकीचे गोल पत्ते रंगवले जातात, त्या दशावतारी गंजिफेत 120 पत्ते आणि दहा अवतारांचे दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा पत्ते. निम्म्या रंगांत दश्शा वरचढ, तर उरलेल्या निम्म्यांत क्रम उलटतो आणि एक्का प्रधानाच्या पाठोपाठ बसतो. दिवसा डाव रामाने उघडायचा, रात्री कृष्णाने. म्हणजे पत्त्यावरचा आकडा स्वतः काहीच सांगत नाही. तो कोणत्या रंगाचा आणि दिवे लागले आहेत की नाहीत, हे विचारल्यावाचून त्याचे बळ कळत नाही. राक्षसाचे 110 जीवांक मी याच रीतीने वाचतो. उघड्या माळावर त्याला उभा केला तर तो दोनतीन फेऱ्यांत पडेल, आणि दोष त्याचा नसून त्याला तेथे उभा करणाऱ्याचा असेल.

आता वाघाच्या तोंडाविषयी. ते मला पसंत नाही, आणि कारण जुन्या अभिमानाचे नाही. ज्याची सारी शक्ती ओळखीच्या चेहऱ्यात आहे, रावण यतीच्या वेषात आला आणि मारीच हरिणाच्या कातड्यात, अशा कुळातल्या प्राण्याचे खरे रूप इतके ढळढळीत असण्याने काही साधत नाही. आमच्या जत्रांत दशावताराच्या पूर्वरंगात, म्हणजे आडदशावतारात, वेद चोरणारा संकासूर येतो तो नखशिखांत काळ्या वेषात, आणि मालवणीत बोलून साऱ्या मांडाला हसवतो; त्याच्या अंगावर हिंस्र असे काहीच नसते, तरी पुढे बसलेली पोरे आईच्या पदरात तोंड लपवतात. आरवलीच्या वेतोबाला लोक चामड्याच्या भल्या मोठ्या वहाणा वाहतात. रात्री गावाची राखण करीत फिरणाऱ्याच्या आकाराची कल्पना त्या वहाणांच्या एका जोडावरून जितकी येते तितकी दहा चित्रांनी येणार नाही. भयाला एवढीशी खूण पुरते.

आणि तशी खूण या परदेशी राक्षसाजवळही आहे, ती मुलांच्या नजरेतून सुटली होती. त्याचे हात उलटे आहेत: माणसाचा तळवा जिकडे असतो तिकडे त्याच्या हाताची पाठ. त्याचे मायावी रूप डोळ्यांना फसवते, स्पर्शाला नाही. मी भाच्याला म्हटले, “बाबल्या, ह्येका लढायेत उभो करू नको. ह्येका देवळात हाड.”

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याने तसेच केले. त्याच्या कथेत समुद्रकाठचा एक गाव, जत्रेची रात्र, आणि दशावताराचा पेटारा डोक्यावर घेऊन आलेली नाटकमंडळी होती. वीरांचा जुना स्नेही त्या मंडळींत भेटला, त्याने त्यांची मनातली गुपिते न सांगता ओळखली, आणि त्यांना ते प्रेमच वाटले. दोन तास फासा जवळजवळ पडलाच नाही. मग दहीकाल्याआधी सगळे गाभाऱ्यापुढे उभे राहिले आणि भटजी तीर्थ देऊ लागले. स्नेह्याने इतरांसारखाच उजवा हात पुढे केला, तळवा वर, बोटे जुळवलेली; सगळ्यांना दिसला तो खोलगट पसाच. पळीतले पाणी त्यावर पडले, ठरले नाही, आणि चारी बाजूंनी ओघळून फरशीवर सांडले.

पडवीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग जी मुलगी धनुर्धारिणीची भूमिका करीत होती, तिने आवाज न करता आपल्या कागदावरची बाणांची ओळ बोटाने शोधली आणि वीस पैलूंचा फासा मुठीत घेतला.