पहिलं घर (लेखांक ७) : कर्जाचा एजंट नेमका कोणाचा?

गेल्या आठवड्यात आपण विक्री करारनाम्यातल्या तारखा पाहिल्या. त्या पाळायच्या तर कर्ज वेळेवर हवं, आणि ते बहुतेकदा एजंटाच्या हाती असतं. तो बिल्डरच्या विक्री कार्यालयातच भेटतो, ‘आठ दिवसांत सँक्शन लेटर देतो’ म्हणत कागद घेऊन जातो. पंधरा दिवसांनी फोन केला, की ‘फाइल क्रेडिटला आहे, होऊन जाईल’ एवढंच ऐकू येतं. इकडे बिल्डरचा हप्ता थकला तर रेरा कायद्यानुसार व्याजाचा बोजा खरेदीदारावर पडतो. अशा वेळी माणूस लबाड निघाला म्हणून आपण हळहळतो. पण त्याच्या स्वभावापेक्षा त्याची कमाई कशी होते ते पाहावं. त्याचा मोबदला बँक किंवा गृहवित्त कंपनी देते, तोही कर्जाच्या रकमेच्या टक्केवारीत आणि कर्जवाटप झाल्यावरच. त्यामुळे कर्ज मोठं असण्यात आणि जास्त पेआउट देणाऱ्या संस्थेकडे ते जाण्यात त्याचं हित आहे. तुमचा व्याजदर अर्ध्या टक्क्याने उतरला तर त्याच्या पदरात काही पडत नाही.

तुमच्या पदरात मात्र पडतं. ४० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता सुमारे ३४,७१३ रुपये. नऊ टक्क्यांनी तोच ३५,९८९ होतो. पूर्ण मुदतीत हा फरक तीन लाखांच्या वर जातो. शिवाय दर कशाला जोडलाय हेही पाहायला हवं. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या दराची नवी गृहकर्जं रेपोसारख्या बाह्य दराशी जोडावी लागतात. गृहवित्त कंपन्यांवर ते बंधन नाही, त्या स्वतःचा मूळ दर ठरवतात. एजंट ‘दोन्हीकडे दर सारखाच’ म्हणतो तेव्हा तो फक्त आजच्या आकड्याबद्दल बोलत असतो.

म्हणून त्याच्या तोंडचा कोणताही आकडा धरू नका, संस्थेचं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाला ते द्यावंच लागतं, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात सगळं शुल्क धरून निघणारा वार्षिक दर असतो, आणि त्यात न लिहिलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीवाचून लावता येत नाही. विचार करायला निदान तीन कामाचे दिवस मिळतात. विम्याची ओळ नीट वाचा. बऱ्याचदा कर्जविम्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवलेला असतो आणि त्यावर पुढे वर्षानुवर्षं व्याज भरावं लागतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. छोटा व्यावसायिक, रिक्षावाला, घरगुती डबे पुरवणारी बाई यांच्याकडे फॉर्म १६ नसतो. बँकेच्या काउंटरवर त्यांना कुणी नीट उत्तर देत नाही आणि एजंटच त्यांची फाइल उभी करतो. हे खरंच आहे, आणि त्याच्या धावपळीला मोल आहे. पण धावपळ त्याची असली तरी सह्या आपल्या असतात. कोऱ्या फॉर्मवर सही केली, किंवा ‘आयटीआर बसवून देतो’ याला मान डोलावली, तर खोट्या कागदाचा जाब कर्जदारालाच द्यावा लागतो. एकाच वेळी चार ठिकाणी फाइल लॉगिन केली तर चारही चौकशा तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर नोंदल्या जातात. हा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. टोकन देण्याआधीच तो काढून ठेवा. एजंटाला कागद द्या, पण कुठे लॉगिन करायचं ते तुम्ही ठरवा, अर्ज क्रमांक घ्या आणि शाखेत स्वतः विचारून खात्री करा.

‘एजंटाने फसवलं तर बँक हात झटकते’ असंही म्हटलं जातं. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बँकेने नेमलेल्या एजंटाच्या वागण्याची जबाबदारी बँकेचीच असते. तेव्हा तक्रार एजंटाच्या व्हॉट्सॲपवर न करता बँकेकडे लेखी करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तेही विनाशुल्क. गृहवित्त कंपनीविरुद्धची तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे नेता येते.