‘ट्रेक’, चंक्रमण आणि अध्वा

रुग्णाच्या विहाराची चौकशी करताना अलीकडे ‘ट्रेकिंग करतो’ हे उत्तर वारंवार कानी पडते. सिंहगड चढून दुपारी घरी परतणारा ट्रेक करतो, पाठीवर शिधा व अंथरूण घेऊन हरिश्चंद्रगडावर मुक्काम करणाराही ट्रेकच करतो. वैद्याने रुग्णपत्रकात तेवढाच शब्द उतरवला, तर विहाराविषयी काहीच नोंदले गेले नाही असे समजावे.

शब्दाचे मूळ पाहण्याजोगे आहे. डच भाषेत ‘ट्रेकन’ म्हणजे ओढणे. दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकान्स भाषेतून हा शब्द इंग्रजीत आला, तो बैलांनी ओढलेल्या गाड्यांतून बिऱ्हाडासह केलेल्या दूरच्या प्रवासाचा अर्थ घेऊन. १८३० च्या दशकात बोअर शेतकरी केप वसाहत सोडून अशाच गाड्यांतून निघाले; त्या स्थलांतराला ‘ग्रेट ट्रेक’ म्हणतात. अनेक दिवसांची कष्टाची मजल हा अर्थ शब्दाला आजही चिकटून आहे. एका दिवसाच्या रानवाटेच्या चालीस इंग्रजीत साधारणतः ‘हाइक’ म्हणतात, नुसत्या फिरण्यास ‘वॉक’. आपल्याकडे सह्याद्रीतील सगळ्याच भटकंतीस ‘ट्रेक’ हे नाव पडले. बोलण्यात त्यास हरकत नाही. चिकित्सेत मात्र आहे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, २४ व्या अध्यायात, चंक्रमण आणि अध्वा यांचे गुण निरनिराळे सांगितले आहेत. देहास फार पीडा न देणारे चंक्रमण आयुष्य, बल, मेधा व अग्नी देणारे. अध्वा, म्हणजे वाटचाल, कफ व स्थौल्य घटवते, परंतु वर्ण आणि सौकुमार्यही हरते. अतिरेक झाल्यास दौर्बल्य आणते. त्याच संहितेत प्रमेही रुग्णास शंभर योजने चालावयास सांगितले आहे खरे, पण तो उपदेश सरसकट प्रत्येक मधुमेह्यास लागू करणे धाडसाचे. आजचा मधुमेही बहुधा इन्सुलिन वा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असतो. औषध घेऊन, उपाशीपोटी पहाटे कळसूबाई चढू लागल्यास वाटेतच रक्तशर्करा घसरून मूर्च्छा येऊ शकते.

म्हणून ‘चालत जा’ एवढेच सांगून थांबू नये. संधिगतवाताच्या रुग्णास चंक्रमण सुचवावे आणि त्याने त्याचा अर्थ रविवारचा गड असा घ्यावा, हे सहज घडते. किती वेळ, सपाटीवर की चढावर, पाठीवर ओझे किती, काय खाऊन निघालात, हे विचारावे. अर्धशक्तीची खूण, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागणे, रुग्णास समजावून द्यावी. उतरणीविषयी तर स्वतंत्रपणे विचारावे. रुग्ण कौतुकाने चढाईचेच सांगतो, आणि गुडघ्यांवर अधिक भार येतो तो उतरताना.