गल्ली बॉय झाला, गर्लचं काय?

हिप हॉपची पहिली पार्टी एका मुलीनं दिली होती, हे तुमच्या ग्रुपमधल्या किती जणांना माहितीय? विचारून बघा. माझ्या ऑफिसच्या कँटीनमध्ये मी विचारलं, तर बारा जणांच्या टेबलावर सन्नाटा!

तारीख ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कमधला ब्रॉन्क्स भाग, १५२०, सेजविक ॲव्हेन्यू ही बिल्डिंग आणि तिचा कॉमन हॉल. शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून सिंडी कॅम्पबेल या मुलीनं तिकीट लावून पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्ड लावायला भावाला उभं केलं. तो भाऊ म्हणजे डीजे कूल हर्क. पुढे तो झाला हिप हॉपचा बाप, आणि सिंडी? ती झाली त्याची बहीण. बस्स.

नंतरही तेच. 'फंकी फोर प्लस वन' नावाचा एक ग्रुप होता. १९८१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल टीव्हीवर झळकलेला हा पहिला हिप हॉप ग्रुप. त्यातले 'फोर' म्हणजे चार पोरं आणि 'प्लस वन' म्हणजे शा-रॉक नावाची मुलगी. माईक हातात घेऊन दणादण रॅप करणारी बाई, पण ग्रुपच्या नावात वरचा चिल्लर हिशेब! १९७९ च्या ज्या 'रॅपर्स डिलाइट'नं रॅप रेडिओवर नेला, त्यामागे सिल्व्हिया रॉबिन्सन होती. लॉरिन हिलनं १९९९ मध्ये 'अल्बम ऑफ द इयर'चं ग्रॅमी घेतलं. तरी 'बेस्ट रॅप अल्बम'चं ग्रॅमी एकट्या बाईच्या नावावर लागायला २०१९ उजाडलं. ती कार्डी बी. २०२५ मध्ये ते डोचीनं पटकावलं.

आता तुम्ही म्हणाल, ब्रॉन्क्सचं पुराण आम्हाला कशाला? तर मी आहे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतची. नोकरी पुण्यात, कानात दिवसभर इअरफोन, त्यात निम्मा वेळ रॅप. आणि गेली दोन-तीन वर्षं एकच प्रश्न डोक्यात वळवळतोय. मराठी बायका रॅप करतायत, चांगला करतायत, मग त्यांची गल्ली कुठाय?

हार्ड कौर ते हसल

आपल्या पिढीनं पहिली इंडियन 'लेडी रॅपर' पाहिली ती हार्ड कौर. साल २००७. 'एक ग्लासी' वाजलं नाही अशी संगीत-रात्र तेव्हा शोधून सापडली नसती. ती कानपूरला जन्मलेली, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये वाढलेली. बाई रॅप करते म्हणजे दारू, पार्टी, ॲटिट्यूड, असा एक साचाच त्या काळात पडला. तिच्या बिनधास्तपणाला माझा सलाम आहेच, पण वसमतच्या पोरीनं त्यात स्वतःला कुठं शोधायचं?

मग इंटरनेट स्वस्त झालं, २०१९ ला 'गली बॉय' आला आणि जो तो हुडी घालून 'अपना टाइम' शोधायला लागला. दीपा उन्नीकृष्णन ऊर्फ डी एमसी त्याआधीपासूनच मैदानात होती. कल्याणची, मल्याळी घरातली. २०२२ च्या 'एमटीव्ही हसल'च्या दुसऱ्या सीझनला ती स्पर्धक नव्हती, तर टीम सांभाळणारी स्क्वॉड बॉस होती. हा बदल छोटा नाही. त्याच सीझनमध्ये सृष्टी तावडे आली. हसवता हसवता टोचणारी, समोरच्याला 'ही रॅप करतेय की गप्पा मारतेय?' असं वाटायला लावणारी. तिचे व्हिडिओ किती फॉरवर्ड झाले ते तुमच्या फॅमिली ग्रुपला विचारा! पण नाव तावडे असलं तरी सृष्टीचा रॅप हिंदीत.

मराठीतून भिडली ती अमरावतीची आर्या जाधव, स्टेजवरचं नाव क्यूके. हिंदी चॅनलच्या नॅशनल स्टेजवर वऱ्हाडच्या पोरीनं मराठीत रॅप करायचा, हे मी टीव्हीसमोर बसून बघितलंय आणि एकटीच शिट्टी मारलीय. पुढे २०२४ मध्ये ती 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या सीझनला गेली आणि टास्कमध्ये सहस्पर्धकावर हात उचलल्याबद्दल बाहेर पडली. आता गंमत बघा. तिचं नाव काढलं की दहातले नऊ जण 'ती कानाखालीवाली ना?' म्हणतात. तिचा रॅप एखाद्यालाच आठवतो. एम सी स्टॅन २०२३ मध्ये हिंदी 'बिग बॉस' जिंकून आला, तेव्हा त्याचं तिथलं सगळं भांडण-तंटण 'रिअल आहे भाऊ' म्हणून खपलं होतं. आर्याचं चुकलं नाही असं माझं म्हणणं नाही. पण पोरग्याचा राग म्हणजे पर्सनॅलिटी आणि पोरीचा राग म्हणजे तमाशा, हा हिशेब मला पटत नाही.

माझी सगळ्यात फेव्हरिट मात्र माही जी. मधुरा घाणे तिचं नाव, समाज महादेव कोळी. तिच्या रॅपमध्ये गाड्या नाहीत, चेन नाही, दुश्मनांना धमक्या नाहीत. आदिवासींचं जंगल आहे, कचरा वेचणाऱ्या बायका आहेत, उन्हाच्या लाटेत रस्त्यावर राबणारी माणसं आहेत. पारंपरिक साज घालून ती उभी राहते आणि ओळी अशा टाकते की आपण स्क्रोल करणारा अंगठा थांबवतो. आणि गोवंडीची सानिया एमक्यू. रिक्षाचालकाची मुलगी. शाळकरी वयात हिजाब घालून हिंदीत रॅप करायला लागली, ते थेट शिवाजीनगरच्या वस्तीतून. या दोघींना कुणी 'लेडी हनी सिंग' म्हटलेलं नाही, यातच सगळं आलं.

नाक्यावर दहा मिनिटं

पण या नावांचे पत्ते बघा ना. कल्याण, मुंबई, गोवंडी, फार तर अमरावती. मराठवाडा? मराठवाड्यातनं रॅप येतोच. छत्रपती संभाजीनगरचा राज मुंगासे आठवतो? २०२३ मध्ये खोक्यांच्या राजकारणावर त्याचं गाणं व्हायरल झालं आणि गुन्हा दाखल झाला. अख्ख्या महाराष्ट्राला नाव पाठ झालं. तोही पोरगाच.

याचं कारण टॅलेंट नाही. कारण गल्ली आहे. रॅपची मूळ डिंगच अशी की 'ही गल्ली माझी, हा नाका माझा.' आता हिंगोलीत, कळमनुरीत, सेनगावात किंवा आमच्या वसमतमध्ये एखाद्या मुलीनं पानटपरीजवळ नुसतं दहा मिनिटं उभं राहून दाखवावं! अकराव्या मिनिटाला तिच्या घरी फोन गेलेला असतो. पोरं टपरीवर उभी राहून, एकमेकांना टोमणे मारत, बीटबॉक्सिंगचा थुक्का उडवत शिकतात. मुंबई-पुण्यात बागेत, स्टेशनबाहेर पोरांचे गोल जमतात, त्याला सायफर म्हणतात. तिथंही रंग चढतो रात्री, म्हणजे मुलींच्या घरून 'कुठंयस?' सुरू झाल्यावर. आमच्याकडे सायफर नाही, पण १४ एप्रिलला आणि गणपतीत डीजेचे ट्रक असतात. बेस असा की खिडकीच्या काचा थरथरतात. पोरं खाली, मुली गच्चीवर. बीट सगळ्यांच्या छातीत वाजतो, नाचायला मात्र अर्ध्याच गावाला परवानगी.

औंढा नागनाथजवळ 'लायगो'ची वेधशाळा उभारली जातेय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, केंद्राची मंजुरी २०२३ ची, खर्च २,६०० कोटी. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं आदळली त्याची थरथर तिथं टिपणार म्हणे. झक्कास! माझी मावसबहीण मात्र पांघरुणात तोंड घालून रेकॉर्ड करते, कारण शेजारच्या खोलीत आवाज जायला नको.

तिचं नाव छापणार नाही, तिनं तशी शपथ घातलीय. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. फोनमध्ये यूट्यूबवरचा फुकट बीट लावते, दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करते. पांघरूण हा तिचा साउंडप्रूफ स्टुडिओ, मे महिन्यातसुद्धा! कॉलेजच्या गॅदरिंगला तिनं नाव दिलं, तर 'ग्रुप डान्स घे, नाहीतर देशभक्तीपर गीत' असं उत्तर आलं. मग ८ मार्चला त्यांनीच बोलावलं. का, तर महिला दिनाला 'काहीतरी हटके' हवं होतं. तेही 'स्त्रीशक्ती'वरच लिही, अशा अटीवर.

हा ८ मार्चचा फंडा मोठ्या शहरातल्या रॅपर मुलींनाही चुकलेला नाही. वर्षभर लाइन-अपमध्ये सगळी पोरं, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात एकदम 'फीमेल स्पेशल'. बरं, बाईनं रॅप करायचा तर सक्षमीकरणावरच का? तिला पगारावर, बॉसवर, पावसावर, क्रशवर नाही बोलायचं?

मावसबहिणीनं त्या दिवशी हळदीवर केला. वसमतची हळद तुम्हाला माहीत असेल, जीआय मानांकन मिळालेली. आमच्याकडे ती काढण्यापासून शिजवण्या-वाळवण्यापर्यंत बायांचे हात पिवळे असतात. तिनं लिहिलं,

'हळद बाजारात भाव खाते,
अन् अंगाला लागली की पोरगी घर सोडून जाते.'

दोन ओळीत पीकही आलं, लग्नही आलं. हॉलमध्ये मागच्या रांगेतल्या पोरांनी आधी हुर्यो केली आणि या ओळीला अचानक टाळ्या पडल्या, असं ती सांगते. माझी मावशी पुढच्या रांगेत होती. घरी गेल्यावर म्हणाली, "चांगलं म्हणलीस. पण व्हिडिओ टाकू नको लेकरा, स्थळं बघायलेत."

जात्याचा बीट

आता जरा मागे जाऊ या. कारण 'हे रॅप-बिप आपल्यातलं नव्हे' असं म्हणणारे काका प्रत्येक लग्नात भेटतात.

हिंगोलीपासून जवळच नरसी नामदेव. नामदेवांचं गाव. त्यांच्या घरी राबणारी जनाबाई शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची. (शेजारचा म्हणजे काय, १ मे १९९९ पर्यंत आम्हीही परभणीच होतो!) दळण-कांडण करता करता बाई रचायची आणि शेवटी स्वतःचं नाव घालायची. रॅपर लोक गाण्यात आपलं नाव टाकतात, त्याला टॅग म्हणतात. जनीचा टॅग सातशे वर्षं टिकलाय. आणि ती देवाशी ज्या सुरात बोलते ना, हक्कानं, भांडून, कामाला लावून, तो सुर ऐकून कुठल्याही बॅटल रॅपरनं हात जोडावेत.

जनीनंतरही बायका गप्प बसल्या नाहीत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हां यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. थोड्याथोडक्या नाहीत, एक लाखाच्या वर! हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त गाणाऱ्या बायका. २०१७ पासून 'परी' ही ग्रामीण भारताची वेबसाइट त्या प्रसिद्ध करतेय. त्यात परभणीच्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आहेत. एकदा ऐका, रात्री, हेडफोन लावून. पहाटेचा अंधार, जात्याची घरघर हा बीट, दोघी समोरासमोर, एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची. सासू, नवरा, माहेर, दुष्काळ, जात, सगळ्यांचा हिशेब. बाहेर गल्ली नव्हती म्हणून बायकांनी घरातच सायफर मांडला होता. पिठाची गिरणी आली, पाठीचा त्रास वाचला, चांगलंच झालं. पण ती पहाटेची जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात कुणी बायकांना दुसरी दिली नाही.

मधली कडी शाहिरीची. कबीर कला मंचातून आलेली शीतल साठे डफावर गाते तेव्हा रॅप आणि शाहिरीतली रेघ मला दिसेनाशी होते. संभाजीनगरच्या कडुबाई खरात एकतारीवर भीमगीतं म्हणतात. दारोदार गाणाऱ्या या बाईला मोबाइलनं घराघरात नेलं. ना स्टुडिओ, ना मेकअप, ना मॅनेजर. माझ्या बहिणीला मी कार्डी बी पाठवली, तर तिनं उलट मला कडुबाई पाठवल्या. वर मेसेज, 'ताई, फ्लो बघ.'

फ्लो बघितला. सॉलिड आहे.

पैशाचं म्हणाल तर यात अजून पैसा नाही. व्ह्यूजनी घर चालत नाही, शोज नि ब्रँड लागतात आणि ते मुंबई-पुण्यात. त्यात कमेंट बॉक्स. पोराच्या गाण्याखाली 'भावा आग!', मुलीच्या गाण्याखाली तिच्या दिसण्यावर निबंध. मावसबहिणीला मी म्हटलं, पुण्याला ये, एखाद्या ओपन माइकला नाव देऊ, तुझ्यासोबत मी उभी राहते. तर म्हणाली, "पुण्यात कुणीबी म्हणेल ताई. मला हितंच म्हणायचंय."

गेल्या महिन्यात तिनं ट्रॅक टाकला. चेहरा नाही, फक्त वाळत घातलेल्या हळदीचा व्हिडिओ. टॅग काय लावलाय माहितीय? स्वतःचं नाव नाही, मावशीचं. मावशीला अजून पत्ता नाही. मात्र पापड लाटताना ती हल्ली ती हळदीची ओळ गुणगुणते, आणि बहीण स्वयंपाकघराच्या दारामागं फोनचं रेकॉर्डिंग चालू करून उभी असते. पुढच्या ट्रॅकची सुरुवात त्याच आवाजानं होणार आहे म्हणे.