उरलेला बर्फ

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हॅलिफॅक्स शहरात कृत्रिम बर्फाची सोय नव्हती. मोठ्या छपराखाली पाणी सोडायचं आणि पुढचं काम थंडीवर सोपवायचं, की झाली रिंक तयार. ऐन थंडीत तो बर्फ टणक असे, तेव्हा रिंक गोऱ्यांच्या क्लबांकडे. त्यांचा हंगाम आटोपला, की मग ती कृष्णवर्णीय संघांना भाड्याने मिळे. तोवर बर्फ मऊ पडलेला, जागोजागी पाणी धरलेला. हॉकीतला पक, म्हणजे रबराची जाड चपटी चकती, अशा बर्फावर सरकता सरकता मध्येच अडतो. मॅरिटाइम प्रांतांची ‘कलर्ड हॉकी लीग’ वर्षानुवर्षं याच उरलेल्या बर्फावर खेळली, आणि तरीही तिच्या सामन्यांना गर्दी होई.

लीग सुरू झाली 1895 मध्ये. तिच्यामागे बॅप्टिस्ट चर्चची मंडळी होती. प्रार्थनेनंतर हॉकी म्हटल्यावर तरुण पोरं चर्चकडे वळतील, हा त्यांचा साधा विचार. संस्थापकांमध्ये जेम्स रॉबिन्सन जॉन्स्टन यांचं नाव घेतलं जातं. हॅलिफॅक्स ज्या प्रांतात आहे, त्या नोव्हा स्कोशियातले ते पहिले कृष्णवर्णीय वकील. कृष्णवर्णीय समाज तिथे उपरा नव्हता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर, 1783 च्या सुमारास, आणि पुढे 1812 च्या युद्धानंतर त्यांचे पूर्वज तिथे येऊन वसले होते. म्हणजे लीग उभी राहिली तेव्हा त्यांची शंभराहून अधिक वर्षं त्या थंडीत गेली होती. हॉकी त्यांचीही होतीच.

हॅलिफॅक्स युरेकाज, डार्टमथ ज्युबिलीज, ट्रुरो व्हिक्टोरियाज, अॅमहर्स्ट रॉयल्स, आफ्रिकव्हिल सी-साइड्स, समुद्रापलीकडच्या शार्लटटाउनचे वेस्ट एंड रेंजर्स. संघांची ही नावं मी मुद्दाम लिहितो आहे, कारण खेळाच्या इतिहासात ती फार उशिरा आली. सगळे खेळाडू हौशी.

ज्युबिलीजचा गोलरक्षक हेन्री फ्रँकलिन अगदी बुटका होता. त्या काळी गोलरक्षकाने उभं राहूनच पक अडवायचा, असा दंडक. खाली पक आला तर काठी वाकवायची, पाय आडवा घालायचा, पण अंग टाकायचं नाही. फ्रँकलिन मात्र सरळ बर्फावर लोळण घ्यायचा आणि पक अंगाखाली दाबायचा. व्यावसायिकांच्या नॅशनल हॉकी लीगने, म्हणजे एनएचएलने, गोलरक्षकाला खाली बसायची मुभा दिली ती जानेवारी 1918 मध्ये! युरेकाजच्या एडी मार्टिनबद्दलही इतिहासकार असंच सांगतात: काठी मागे उंच नेऊन पक सणसणीत हाणायचा ‘स्लॅपशॉट’ त्याने इतरांच्या कितीतरी आधी मारला. पहिला मान नेमका कुणाचा, यावर वाद घालणारे घालोत. मला यात दिसतं ते एवढंच, की ज्यांना अंगवळणी पडलेल्या चौकटीत कुणी उभंच केलं नव्हतं, त्यांना ती मोडायची भीती नव्हती.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लीगला उतरती कळा लागली. आफ्रिकव्हिल या हॅलिफॅक्समधल्या कृष्णवर्णीय वस्तीच्या जमिनीवर रेल्वेचा डोळा होता. समाजातले शिकलेसवरलेले लोक वस्तीच्या बाजूने उभे राहिले. त्यानंतर लीगला रिंका मिळेनाशा झाल्या आणि वर्तमानपत्रांतली वृत्तंही आटली, असं या लीगचा इतिहास शोधून काढणारे जॉर्ज आणि डॅरिल फॉस्टी लिहितात. पहिल्या महायुद्धानंतर काही संघ पुन्हा उभे राहिले, पण पूर्वीचा जोर नव्हता. 1930 च्या आसपास सगळं थांबलं. एनएचएलमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, विली ओ’री, उतरला तो 18 जानेवारी 1958 रोजी. तोही शेजारच्याच न्यू ब्रन्सविक प्रांताचा. मधली ती वर्षं कुणाकुणाच्या हातातून निसटली असतील, याचा विचार करताना मला आजही राग येतो.

2020 मध्ये कॅनडाच्या टपाल खात्याने लीगवर तिकीट काढलं. त्यावर 1904 चा युरेकाज संघ आहे. आफ्रिकव्हिल मात्र त्याआधीच गेलं होतं. शहराने 1960 च्या दशकात ती वस्ती पाडली, तिचं चर्चसुद्धा 1967 मध्ये एका रात्रीत भुईसपाट केलं. 2010 मध्ये महापौरांनी जाहीर माफी मागितली. त्या चर्चची प्रतिकृती आता बेडफर्ड बेसिन या खाडीच्या काठावर संग्रहालय म्हणून उभी आहे. सी-साइड्सचे खेळाडू याच पाण्याकाठी राहायचे.