दिवाळीआधीची शाळा

भाद्रपद सरतो. आश्विन लागतो. पाऊस ओसरतो आणि शरद ऋतू सुरू होतो. रानात बाजरी कापणीला येते. आभाळ निवळते. ओढ्याचे पाणी नितळ होते.

या दिवसांत गावच्या शाळेतही मोठी गडबड असते. सण असतात, कार्यक्रम असतात आणि सहामाही परीक्षा तोंडावर आलेली असते. पुष्कळ मंडळी म्हणतात, "शाळेचं काय ते मास्तर बघतील. आपला काय संबंध?"

आम्ही जन्म शाळेत काढला. म्हणून सांगतो, संबंध आहे. आणि दसरा-दिवाळीच्या दिवसांत तो सगळ्यांत जास्त आहे. कसा, ते आता पाहू.

हदगा आणि खराटा

सूर्य हस्त नक्षत्रात गेला की हदगा सुरू होतो. कुठे त्याला भोंडला म्हणतात. कुठे तो सोळा दिवस चालतो, कुठे नवरात्राचे नऊ दिवस. शाळेच्या अंगणात मुली पाटावर हत्ती काढतात, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणतात. मग खिरापत ओळखायची. डबा वाजवून, वास घेऊन ओळखायचे. ही गाणी पुस्तकात शोधण्यापेक्षा गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावीत. त्यांना ती जास्त येतात. तेव्हा आजीबाईंनी शाळेत जावे आणि पोरींना चार गाणी शिकवावीत. आजी शाळेत आली म्हणजे नातीला शाळा आपली वाटते.

2 ऑक्टोबरला गांधी जयंती येते. 1869 साली या दिवशी गांधीजींचा जन्म झाला. त्या दिवशी पोरे हाती खराटा घेतात आणि शाळा झाडतात. पण सगळेच काम पोरांच्या हातचे नसते. पावसाळ्यात अंगणात गवत माजते. त्यात साप-विंचू निघतो. पत्रा गळतो. पाण्याच्या टाकीत गाळ बसतो. दहा बाप्ये आणि दहा बाया एक दिवस आल्या, तर हे सारे दिवस मावळायच्या आत उरकते. गाव करील ते राव काय करील!

वाचनाचा दिवस

15 ऑक्टोबरला महाराष्ट्रातल्या शाळांत वाचन प्रेरणा दिन असतो. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा हा जन्मदिवस. ते 1931 साली रामेश्वरला जन्मले. घरची गरिबी होती. लहानपणी वर्तमानपत्रे वाटून त्यांनी घराला हातभार लावला आणि शिक्षण सोडले नाही. पुढे ते मोठे शास्त्रज्ञ झाले. 2002 ते 2007 या काळात ते देशाचे राष्ट्रपती होते. 2015 साली ते वारले. त्याच वर्षापासून महाराष्ट्रात हा दिवस पाळू लागले.

या दिवशी पोरे पुस्तके वाचतात. तुम्हीही आता वाचायला शिकला आहात. मग तुम्हीही जा. पोरांच्या शेजारी बसा आणि एक पान मोठ्याने वाचा. अडखळलात तरी बिघडत नाही. पोरगा सांगेल, "आबा, तो काना आहे." बापही वाचतो, आईही वाचते, हे पोराने एकदा पाहिले म्हणजे त्याला अभ्यासाला बस म्हणून ओरडावे लागत नाही.

परसबागेचा हिशेब

शाळेत पोरांना दुपारचे जेवण मिळते. पहिली ते पाचवीच्या पोराला रोज 100 ग्रॅम धान्य आणि 50 ग्रॅम भाजी, असे प्रमाण ठरलेले आहे. आता हिशेब करा. शाळेत 40 पोरे असली तर रोज किती भाजी लागेल? 40 गुणिले 50, म्हणजे 2000 ग्रॅम. म्हणजे रोज 2 किलो.

ही भाजी काही अंशी शाळेतच पिकवता येते. पाऊस संपला की जमिनीत ओल असते. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर लावायला हे दिवस चांगले. हात धुतलेले पाणी वाफ्यात सोडावे. कोणी शेणखताची एक पाटी द्यावी, कोणी बी द्यावे. मेथी महिन्या-सव्वा महिन्यात काढणीला येते. पोरे आपल्या हाताने लावलेली भाजी आवडीने खातात.

खरी काळजी

हे सगळे झाले आनंदाचे. आता काळजीचे सांगतो.

बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव या जिल्ह्यांत पुष्कळ गावे कोरडवाहू आहेत. खरिपाचे पीक निघाले की हाताला काम उरत नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दसरा-दिवाळी झाली की कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि माणसे उसाला निघतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे जातात, कोणी पुणे-सोलापूरकडे, कोणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. गाडीत भांडी, धान्य, अंथरूण, आणि त्यावर बसलेले पोर.

म्हणजे काल हदग्याच्या फेरात होती ती पोरगी आज गाडीत असते. वर्गात तिची जागा रिकामी राहते. फडावर ती काय करते? कोपीत धाकट्या भावाला सांभाळते. पाणी आणते. वाढे गोळा करते. पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान 200 दिवस चालावी, असा नियम आहे. दिवाळीपासून मार्चअखेरपर्यंत पोर बाहेर राहिले, तर त्यातले शंभराच्या आसपास दिवस बुडतात. म्हणजे निम्मे वर्ष गेले! परत आल्यावर पुढचे धडे कळत नाहीत. मग पोर मागच्या रांगेत बसते. मग शाळेत येईनासे होते. आणि मोठे झाले की त्याच्याही हाती कोयता येतो.

आईबापांना हे कळत नाही असे नाही. पण ते विचारतात, "पोराला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं? पोरगी तर वाढती आहे." हा प्रश्न खरा आहे. त्याला उत्तर मास्तर एकटा देऊ शकत नाही. ते गावानेच द्यायचे.

गावाच्या हाती काय आहे?

2009 साली शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला. 1 एप्रिल 2010 पासून तो लागू आहे. 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला फुकट शिक्षणाचा हक्क त्याने दिला. या कायद्याप्रमाणे गावच्या शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारांत तीन सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. म्हणजे समितीत 16 जण असले, तर 12 पालक आणि 8 बाया. शाळेचे काम नीट चालते का, आलेला पैसा कुठे खर्च होतो, हे पाहण्याचा हक्क या समितीला आहे. म्हणून बैठकीचा निरोप आला की जावे. ठराव वाचावा आणि मगच सही करावी. आता अंगठ्याचे कारण उरले नाही.

उसाला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते. पोर गावातच राहते, आजीकडे किंवा चुलत्याकडे. त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची व्यवस्था होते आणि शाळा बुडत नाही. पण ही सोय आपोआप चालत दारी येत नाही. कोणती घरे जाणार, किती पोरे मागे राहणार, याची यादी आधी करावी लागते. समितीने ठराव करून तो पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे पाठवावा लागतो. गाड्या निघाल्यावर यादी करून काय उपयोग? म्हणून हे काम नवरात्राच्या आतच उरकावे. समितीतल्या बायांनी जाणाऱ्या प्रत्येक घरी जावे आणि आईला सांगावे, "तुझी लेक आमच्या डोळ्यांसमोर राहील." मग बोलल्याप्रमाणे वागावे. रात्री ती कुठे झोपते, तिला ताप आला तर दवाखान्यात कोण नेते, हे आधी ठरवावे. आजी थकली असेल, तर शेजारणीने लक्ष घालावे.

काहींना पोर बरोबर नेल्याशिवाय गत्यंतरच नसते. त्यांनी निघण्यापूर्वी शाळेत जाऊन शिक्षण हमी कार्ड मागावे. पोर कोणत्या वर्गात आहे, किती शिकले आहे, हे त्यावरून नव्या शाळेला कळते. कारखान्याजवळच्या सरकारी शाळेत त्याला बसवावे. दाखला मिळायला उशीर झाला, एवढ्या कारणावरून सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. वर्ष अर्धे सरले म्हणूनही नाकारता येत नाही. हा कायदा आहे. हे लक्षात ठेवा आणि न घाबरता बोला.

घराघरांतून हे काम व्हावे. कोणी पत्रा ठोकावा, कोणी मेथीचे बी द्यावे, कोणी गाणे शिकवावे. पण आधी आपल्या आळीत कोणाची गाडी निघणार आहे, ते विचारून घ्यावे. त्या घरी शाळेत जाणारे पोर असेल, तर त्याचे नाव आजच कागदावर लिहा. तुम्हाला आता लिहिता येते. तो कागद घेऊन उद्या शाळेत जा.